अर्धा कोरडा बाक

काशीत वाढलेल्या माणसाने भुताला घाबरायचं ठरवलं तर त्याला घराबाहेरच पडता येणार नाही. आमच्या गल्लीतून दिवसातून कितीदा तरी 'राम नाम सत्य है' जायचं. आम्ही पोरी भिंतीला चिकटून उभ्या राहायचो, तिरडी पुढे गेली की पुन्हा लंगडी सुरू. त्यामुळे आत्मा-बित्मा असा विषय निघाला की मी सरळ चहा टाकायला उठते. त्यात मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. इथे लोक जे अनुभव लिहितात, त्यांतले निम्मे वाचून मी मनातल्या मनात 'चला, काहीतरीच!' म्हणते — राग मानू नका. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या डोळ्यांसमोर घडलेली आहे आणि तिच्यापुढे माझं सगळं विज्ञान गप्प बसतं. माझं मराठी काशीचं, मधेच हिंदी घुसेल... तेवढं चालवून घ्या.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आमचं घर मंगला गौरीच्या देवळाच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. घरात आई, बाबा, मी आणि काकू. बाबा रेल्वेत होते. काकू म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मला ओरडण्याचा पूर्ण हक्क तिच्याकडे होता आणि तो ती मनसोक्त वापरायची. "कुंदे, पायात चप्पल घालून स्वयंपाकघरात येतेस, शाळेत पोरांना हेच शिकवतेस का गं?" — असा दिवस सुरू व्हायचा.

काका रामघाटच्या पाठशाळेत शिकवायचे. मी लहान असताना ते माघमेळ्याला म्हणून प्रयागला गेले आणि परत आलेच नाहीत. सोबतचे सगळे आले, काका नाहीत. संगमावर गर्दीत कुठे सुटले कुणालाच सांगता येईना. बाबा तिकडे जाऊन लाउडस्पीकरवर नाव पुकारून आले, इस्पितळं पाहिली, आखाड्यांतून फिरले. काही नाही. त्या खेपेला काकूला ताप होता म्हणून ती घरीच राहिली होती. काकांना दमा. निघताना तिने मफलर दिला तर "कशाला, दोन दिवसांत येतो" म्हणून तो खुंटीवर ठेवून गेले. तो मफलर वर्षानुवर्षं त्या खुंटीलाच होता. आई धुवायला काढायची, काकू वाळल्या वाळल्या परत तिथेच टांगायची.

आमच्यात असं माणूस हरवलं आणि बारा वर्षं त्याचा ठावठिकाणा लागला नाही, की पालाशविधी करतात. पळसाची पानं आणि दर्भ बांधून माणसाची आकृती करायची, आणि त्या माणसाला द्यायचा तो अग्नी तिला द्यायचा. मग ते माणूस गेलं असं धरायचं. श्राद्ध सुरू होतं, आणि बायको... बायकोचं कुंकू जातं.

बाबांनी तो विधी केला. वाईट हेतूने नाही हो. बाबा म्हणायचे, दादा खरंच गेला असेल तर इतकी वर्षं तहानलेला असेल, त्याला घोटभर पाणी द्यायला नको? घाटावरून परत आले तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. काकू दारातच उभी होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नेहमीपेक्षा मोठंच.

"भाऊजी, तुम्ही पानं जाळलीत," ती म्हणाली. "माझं लग्न पानांशी नव्हतं झालेलं."

"वहिनी, अहो किती वर्षं..."

"येतो म्हणून गेलेत ते. येतील."

झालं! गल्लीत कुजबुज सुरू झाली. मंगला गौरी म्हणजे सौभाग्याची देवी, काकू दर मंगळवारी तिथे जाणार आणि तिथे जमलेल्या बायका हिच्याकडे बघून पदर तोंडाला लावणार. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. चैत्रात शेजारच्या घरी सवाष्ण म्हणून वर्षानुवर्षं जायची, त्यांनी त्या वर्षी दुसरीला बोलावलं. काकू त्या दिवशी जेवली नाही. आईने खूप समजावलं, बाबा तर पाया पडायला निघाले. मला सगळ्यांचाच राग यायचा. बाबांचा, त्या बायकांचा, आणि खरं सांगायचं तर काकांचाही. गेला असाल तर गेलो म्हणून कळवा, असाल तर या — या बाईला असं लटकत काय ठेवलंय!

त्यातच बाबांनी आणखी एक केलं. मैदागिनच्या बगीच्यात लोक आपापल्या माणसांच्या नावाने बाक बसवतात, सिमेंटचे, पाठीवर संगमरवरी पाटी. बाबांनी काकांच्या नावाने एक बसवला. 'स्व. पं. दिगंबर शास्त्री की पुण्य स्मृति में'. काकांना तो बगीचा फार आवडायचा म्हणे. काकूला कळलं तेव्हा तिने "मला त्या दगडाचं तोंड बघायचं नाही" म्हणून सांगितलं, आणि वर्षभर ती त्या रस्त्यानेही गेली नाही.

पुढच्या पौषात तिचे गुडघे फार धरले. वैद्य म्हणाले, रोज सकाळी सपाट जमिनीवर चाला, घाटाच्या पायऱ्या बंद. आता आमच्या भागात सपाट जमीन आणायची कुठून? बगीचाच तेवढा. मी म्हटलं, "काकू, त्या बाकाकडे आपण जायचंच नाही, लांबून फिरू." ती तयार झाली — कुरकुरत का होईना.

बनारसचा पौषातला कोहरा, म्हणजे धुकं, ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. हाताला हात दिसत नाही, झाडांवरून टपटप पाणी गळतं, आणि बगीच्यातला प्रत्येक बाक नुकता धुतल्यासारखा ओला. आम्ही चालत होतो, काकू जवळ जाऊन पाट्या वाचत होती. एक कुणी बंगाली होमिओपॅथ डॉक्टर. एका साडीवाल्या सेठजींची आई. आणि कोपऱ्यात एक बुटका बाक, त्यावर फक्त 'हमारी गुड़िया'. तिथे काकू बराच वेळ थांबली.

"इतकी माणसं गेली तेव्हा कुठे लोकांना पाठ टेकायला जागा झाली," ती म्हणाली.

आणि कोहऱ्यात माझा अंदाज चुकला हो. पुढचा बाक काकांचाच निघाला. मी तिला ओढून पुढे न्यायला लागले, तर ती जागची हलेना. बघत राहिली. मीही बघितलं. बाकाची उजवी बाजू ओलीचिंब होती. डावी बाजू कोरडी. सुकलेली नव्हे... पुसलेली. फडका फिरवल्यावर बारीक रेघा राहतात ना, तशा. आणि कडेवरून निथळलेलं पाणी खाली अजून टपकत होतं.

"माळ्याने पुसला असेल," मी म्हटलं.

काकू त्या कोरड्या जागेवर जाऊन बसली. हात मांडीवर, समोर बघत. मी ओल्या बाजूला बसायला गेले तर म्हणाली, "तिथे नको गं." मी आपली उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून तीच मला उठवायला लागली. "चल गं कुंदे, उशीर होतोय." रोज सगळे बाक ओले, आणि काकांचा अर्धा कोरडा. नेहमी डावीच बाजू. मला आता चैन पडेना. वर झाडाची फांदी आहे का? नाही. सिमेंट वेगळं आहे का? अहो, एकाच बाकाचं सिमेंट अर्ध्यात वेगळं कशाला असेल! माळ्याला विचारलं तर तो माझ्याकडेच वेड्यासारखा बघायला लागला. "हम काहे पोंछेंगे दीदी? कोहरे में कौन बइठत है इहाँ?"

मग मी ठरवलं, प्रत्यक्षच बघायचं. एक दिवस काकूला "तू मागून ये" सांगून मी आधी गेले. बाक पूर्ण ओला होता, दोन्ही बाजूंनी. मनात म्हटलं, पकडलं! मी बोटाने दवात एक लांब रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि बाकाला गुडघे टेकवून उभी राहिले. आसपास चिटपाखरू नाही. थोड्या वेळाने फाटकाकडून काकूच्या काठीचा आवाज आला. मी मान वळवून हाक मारली, "इकडे आहे मी!" बस, एवढंच. मान परत फिरवली...

डावी बाजू पुसलेली होती. माझी रेघ उजव्या बाजूला तशीच होती, आणि मधोमध तुटली होती. कडेवरून पाणी माझ्या पायावर टपकत होतं. गार.

काकू आली, तिने माझा चेहरा पाहिला, बाक पाहिला, आणि चक्क हसली.

"तू कशाला आधी येऊन उभी राहतेस? लाजतात ते."

"कोण?"

"कोण काय विचारतेस! तुमच्या कुणासमोर त्यांनी कधी माझ्यासाठी काही केलंय का?" ती आपल्या जागेवर बसली. मग तिने सांगितलं ते मला कधीच माहीत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा घर माणसांनी भरलेलं, नवऱ्याशी बोलायची सोय नाही. तर काका सकाळी 'दुर्वा आणायला' म्हणून तिला या बगीच्यात घेऊन यायचे. तेव्हा बाक एखाददुसराच. ते खांद्यावरच्या गमछ्याने तिच्यापुरती जागा पुसायचे आणि म्हणायचे, "बस." स्वतः ओल्यातच बसायचे. "मी म्हणायची, अहो तुमचीही पुसा, तर म्हणायचे, गमछा भिजला आता, राहू दे. मग दिवसभर खोकत बसायचे."

तो हिवाळा काकू खुशीत होती. मला वाटलं, चला, काही का असेना, हिला आधार मिळाला. आता ही कुंकू कधीच पुसणार नाही, आणि नकोच पुसायला.

किती चुकीचं समजले होते मी!

थंडी ओसरायला लागली होती तेव्हाची गोष्ट. मंगळवार होता. काकू आंघोळ करून बाहेर आली ती कपाळ मोकळं घेऊन. हातात मंगळसूत्र आणि कुंकवाचा करंडा. आईच्या हातातलं उलथनंच पडलं. बाबा उठून उभे राहिले.

"चल कुंदे, देवीला देऊन येऊ," ती म्हणाली.

पायऱ्यांवर मी तिचा हात धरला आणि मला रडूच फुटलं. "काकू, अगं का? ते येतात ना रोज? मी पाहिलंय!"

"येतात म्हणूनच तर." ती एका पायरीवर टेकली. "जिवंत असते तर घरी आले असते गं. बाकावर कशाला आले असते? मला पहिल्याच दिवशी कळलं. भाऊजींनी पानं जाळली तेव्हा नाही, ती पुसलेली जागा पाहिली तेव्हा कळलं... पण इतक्या वर्षांनी कुणी आपल्यासाठी जागा पुसून ठेवतंय, ते एवढ्यात कसं सोडू? म्हणून एक हिवाळा घेतला मी." तिने पदराने नाक पुसलं. "आता बास. दमा आहे त्यांना. ओला गमछा खांद्यावर टाकून किती दिवस थंडीत उभे राहतील? मी 'जा' म्हटल्याशिवाय ते जायचे नाहीत, मला ठाऊक आहे."

देवीपुढे तिने दोन्ही वस्तू ठेवल्या. रडली ती घरी आल्यावर. तो खुंटीवरचा मफलर छातीशी धरून, अगदी मोठ्याने, नुकतीच बातमी आल्यासारखी. बाबाही तिच्याजवळ जमिनीवर बसून रडले. आमच्या घरात काका खऱ्या अर्थाने त्या दिवशी गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दाट कोहरा होता. तिला नेऊ की नको असं मला झालं होतं, पण तीच निघाली. बाक ओला होता. पूर्ण. दोन्ही बाजू.

काकूने मान डोलावली. पिशवीतून काकांचा जुना गमछा काढला — ट्रंकेत जपून ठेवलेला. आधी उजवी बाजू पुसली, नीट, कोपऱ्यापर्यंत. मग आपली. मग तो ओला गमछा घेऊन कोपऱ्यातल्या बुटक्या बाकाकडे गेली आणि तोही पुसला. "हिला कोण पुसून देणार?" एवढंच म्हणाली. त्यानंतर दर हिवाळ्यात, चालता येत होतं तोवर, ती हे दोन बाक पुसत राहिली. काकांचा बाक मात्र पुन्हा कधी आपोआप कोरडा दिसला नाही.

काकू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बाबांनी त्याच पाटीवर तिचं नाव खाली कोरून घेतलं. मी लग्न होऊन इकडे आले, विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले. वर्गात बाष्पीभवन शिकवताना दर वर्षी तो बाक आठवायचा आणि खडू हातातच राहायचा. दव आपोआप सुकतं, मान्य. पण सुकताना ते फडक्याच्या रेघा ओढत नाही, आणि कडेवरून माझ्या पायावर निथळत नाही. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा. मनाचे खेळ म्हणाल तर म्हणा, मीही खूपदा म्हणून पाहिलंय.

मागच्या खेपेला बनारसला गेले तेव्हा पौषच होता. सकाळी एकटीच बगीच्यात गेले. बाक ओला, दोन्ही बाजूंनी. खोटं कशाला बोलू, मी वाट पाहिली... मान वळवूनही पाहिली. मग माझ्या शालीने दोन्ही बाजू पुसल्या आणि शेजारी उभी राहिले. बसावंसं वाटलं नाही.