भिंतीपलीकडच्या देशकरकाकू

देशकरकाकूंनी आमच्या दाराची बेल कधी वाजवली नाही. चहा ठेवला की त्या मधल्या भिंतीवर लाटण्याने दोनदा ठोकायच्या. मला जायचं असलं तर मीही ठोकायचे, नसलं तर गप्प. का आली नाहीस, असं त्यांनी कधीच विचारलं नाही.

बस्सी गावाच्या अलीकडे, जयपूर-आग्रा रोडला लागून आमच्या रो-हाउसची रांग आहे. बिल्डर त्यांना व्हिला म्हणतो, पण दोन घरांत भिंत एकच. बाबांची बँकेतून जयपूरला बदली झाली आणि आम्ही इथे आलो. मी घरूनच काम करते. काकूंशिवाय कॉलनीत कुणाशी बोलत नसे. हिंदी मुलखात वाढल्यामुळे बोलताना माझं मराठीही अडखळतं. मी "काकू, मतलब..." म्हणून थांबले की त्या म्हणायच्या, "होऊ दे सावकाश. आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे?"

गुडघे जिना चढू देईनात, तेव्हा त्यांनी नागपूरला मुलाकडे जायचं ठरवलं आणि घर विकायला काढलं. इकडे भाव चढलेले, त्यामुळे गिऱ्हाइकं भराभर येऊ लागली. डीलर महेंद्रजी त्यांना गच्ची दाखवायचे, मॉड्युलर किचन दाखवायचे. काकू मात्र प्रत्येकाला भिंतीपाशी नेऊन लाटणं ठोकायच्या. पलीकडून मी उत्तर द्यायचे.

"आंटीजी, दीवार मत बजाइए," महेंद्रजी हात जोडायचे. "पार्टी भाग जाती है!"

"ज्याला पळायचं त्याला पळू दे," काकू मराठीतच सांगायच्या. महेंद्रजींना ते बरोबर कळायचं.

एक गृहस्थ मागितलेली किंमत द्यायला तयार झाले. फक्त भिंतीला आतून जाड फळ्या लावून आवाज बंद करू म्हणाले. काकूंनी त्यांना पोहे खाऊ घातले आणि नाही म्हणून सांगितलं. मुलगा फोनवर केवढा चिडला, ते मला इकडे ऐकू आलं.

"काकू, नाही का म्हटलं?" मी चहाला गेल्यावर विचारलं.

"काहून हो म्हणू? तो भिंत बंद करणार. मग तू बोलशील कोणाशी, पोरी?"

मी खाली मान घालून बिस्किट बुडवत राहिले. ते कपातच विरघळलं.

मग एका दुपारी भिंतीवर नेहमीसारखी टकटक झाली. मी उत्तर दिलं. लगेच पुन्हा टकटक झाली, जरा घाबरत केल्यासारखी, आणि पाठोपाठ एक अनोळखी हसू ऐकू आलं. अलवरहून घर बघायला आलेल्या एका कुटुंबातल्या नव्या सुनेने काकूंच्या हातातलं लाटणं मागून घेतलं होतं. घर तिला गेलं, थोड्या कमी भावात. महेंद्रजींनी कपाळाला हात लावला.

निघताना काकूंनी सगळं सामान बांधलं आणि लाटणं माझ्या हातात दिलं.

"आता आधी तू ठोकायचं. नव्या माणसाला काय माहीत, पलीकडे कोण राहतं?"

त्यांना जाऊन महिना झाला. पलीकडे पडदे लागले, कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. रोज दुपारी मी भिंतीपाशी जायचे आणि परत यायचे.

आज चहा ठेवताना कपभर पाणी जास्त घातलं. उकळी आली तसं लाटणं उचललं आणि दोनदा ठोकलं.