भोकराच्या चिठ्ठ्या

भिवपुरीच्या आमच्या क्वार्टर्समध्ये शाळेची पुस्तकं एका घरात मुक्काम करत नसत. शेजारच्या ताईची माझ्याकडे यायची, माझी वर्षभरानं धाकट्या बहिणीकडे जायची. म्हणून बाबांचा नियम होता, नावाची चिठ्ठी भोकरानंच चिकटवायची. पॉवरहाउसच्या मागे भोकराचं झाड होतं आणि शाळा उघडायच्या सुमारास ते पिकायचं. फळ दाबलं की आतून शेंबडासारखा चिकट गर यायचा. आम्ही नाकं मुरडत तो चिठ्ठीच्या पाठीला फासायचो आणि उरलेला एकमेकींच्या वेण्यांना पुसायचो. वर्ष संपलं की बाबा चिठ्ठीवर ओलं फडकं ठेवून चहा प्यायला बसत. कप रिकामा होईपर्यंत चिठ्ठी सुटलेली असे, आणि पुस्तकावर ओरखडासुद्धा नसे. किती साधी गोष्ट होती ती! आज आठवली की त्या चहाचा वाससुद्धा येतो.

चौथीला अभ्यासक्रम बदलला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कोरं पुस्तक मिळालं. ते वर्षानं बहिणीला द्यायचं या विचारानं माझं डोकं फिरलं. क्वार्टर्सची दारं दुरुस्त करायला सुतार आला होता. त्याच्या डब्यातला पांढरा गम मी बोटभर उचलला आणि माझ्या नावाची चिठ्ठी कायमची बसवून टाकली.

वर्षानं बाबांनी तिच्यावर ओलं फडकं ठेवलं. दोन कप चहा झाला तरी चिठ्ठी हलेना. नखानं कोपरा उचलला तर मुखपृष्ठच फाटायला लागलं. बाबांनी फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि पुस्तक तसंच बहिणीच्या दप्तरात ठेवलं. बहीण माझ्या नावाचं पुस्तक घेऊन चौथीत बसली. बाई तिला माझ्या नावानं हाक मारायच्या आणि वर्ग हसायचा. ती घरी येऊन रडायची. मला मात्र जिंकल्यासारखं वाटायचं. त्या मुलीची, म्हणजे माझी, मला अजून चीड येते.

पुढे खालापूरला गमच्या कारखान्यात मी बरीच वर्षं काढली. काही झालं तरी चिकटवलेलं निघता कामा नये, एवढाच तिथला ध्यास होता. नोकरी सुटल्यावर मी भिसेगावच्या घरात निवांत बसणार होते, पण कशेळ्याहून बहिणीचा फोन आला. तिचा बचत गट करवंदाचं लोणचं विकतो आणि रिकाम्या बाटल्या परत घेतो.

"ताई, ती लेबलं खरवडून आमची नखं गेली गं. तुमच्याच लोकांचा गम. पान्यानं निघंल असं कायतरी कर."

मी तांदळाच्या कण्यांची खळ शिजवली आणि तिच्यात भोकराचा गर घातला. पहिल्या खेपेला बुरशी आली. दुसरी पावसाळी हवेत इतकी सैल पडली की लेबलं आपणहून घसरली आणि गटातल्या बायका हसून लोळल्या. तिसऱ्या खेपेनं मात्र अख्खा पावसाळा काढला.

परवा कशेळ्याला गेले. बाटल्या बादलीत बुडवल्या आणि बहिणीनं चहा टाकला. चहा संपल्यावर तिनं पाण्यातून एक लेबल अख्खं उचललं. दोघींनाही बाबा आठवले. मग ती आत जाऊन चौथीचं ते पुस्तक घेऊन आली. त्यावर तिच्या नावाची चिठ्ठी होती, बाबांच्या बॉलपेनच्या अक्षरात.

"ही कधी लावली?"

"मी चौथीत होते त्या दिवाळीत. बाबांनी खळीनं लावून दिली. तुला सांगू नको म्हनाले, तुला वाईट वाटंल."

मी बाबांच्या अक्षरावरून बोट फिरवलं. पण माझी खोड कुठली जायला? इतक्या वर्षांची खळ सुटते का, ते बघायला मी त्यावर ओलं फडकं ठेवलं. चिठ्ठी अलगद सुटली. खाली माझी होती, कालच लावल्यासारखी घट्ट.

"बघ, तुजी जागची हलली नाय," ती म्हणाली.

"चुकलं गं माझं," मी म्हटलं. हे म्हणायला मला म्हातारपण यावं लागलं.

तिनं ओली चिठ्ठी पदरानं टिपली आणि माझ्यापुढे धरली. "आता तू लाव. तुज्या गमानं."

मी माझ्या खळीच्या डब्यात बोट बुडवलं आणि तिचं नाव माझ्या नावावर, चारही कोपरे दाबून, नीट बसवलं.