जजबाई जेवायला आल्या

ओहायोतल्या त्या छोट्या काउंटीत अर्डिस कोलवेलबाई अठरा वर्षं जज होत्या; तिथं जजसुद्धा लोकांच्या मतांनी निवडून येतात. उद्या कुणी पक्षपाती म्हणायला नको, म्हणून त्या कुणाच्या घरी कॉफीलासुद्धा गेल्या नव्हत्या. यंदा मात्र निवडणुकीत एक गोडबोल्या वकील त्यांच्यासमोर उभा राहिला, आणि बाईंना मतं मागायला अग्निशमन दलानं निधीसाठी गावाला घातलेल्या माशांच्या जेवणाला यावंच लागलं.

त्या दारात दिसल्या आणि अख्खा हॉल ताडकन उठून उभा राहिला. निम्म्यांना कोर्टाची सवय, उरलेल्यांना धास्ती.

"बसा, बसा," बाई म्हणाल्या, त्याही सवयीनंच.

सगळे बसले. सरकून जागा मात्र कुणीच दिली नाही. बाई ताटली घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. हॉलमधलं हसणं थांबलं, गप्पा थांबल्या.

शेवटी मासे तळणारी लोरीन जवळ आली. तिच्या मुलाला बाईंनीच तुरुंगात धाडलं होतं.

"जजबाई, मत तुम्हालाच देणार हो. सगळेच देणार. तुमच्याइतकं सरळ माणूस या काउंटीत नाही."

बाईंचे डोळे भरून आले. "मग बसू का गं तुमच्यात?"

"नको," लोरीन हळूच म्हणाली. "तुम्ही निघा आता. जेवू द्या लोकांना."