काखेतली पिशवी

माझी मोठी जाऊ भागीरथाबाई म्हणजे एक नंबरची शंकेखोर बाई. दूधवाला दारात आला की ती आधी बोट बुडवणार, मंग नखावर थेंब ठेवून पाहणार, अन् वर म्हणणार, "पाणी दिसत नाही म्हणजे यानं दुसरंच काही टाकलं." संत्रेवाल्यानं वरचं फळ दिलं तर ती खालचं मागे, अन् खालचं दिलं तर म्हणे, याले तेच खपवायचं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पिते म्हणतात. ही बाई पोळायच्या आधीपासूनच फुंकून राहिली होती. माझं अन् तिचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच.

आमचं घर गोळीबार चौकाजवळ. घरात दोन हातमाग. एकावर माझे भासरे गणपतराव, म्हणजे तिचा नवरा, अन् दुसऱ्यावर ती. ब्याऐंशी साली तिच्या उजव्या छातीत गाठ निघाली. मी तेव्हा बाळंतपणाले माहेरी काटोलले होती. परत आली तं ऑपरेशन होऊन गेलं होतं. "साधी गाठ होती, काढली," भासऱ्यांनी साऱ्यांले सांगितलं. डॉक्टरनं म्हणे बजावलं होतं की दोन-तीन महिने मागावर बसायचं नाही. काहून बसायचं नाही, हे कोणी सांगितलं नाही.

झालं. तिच्या डोक्यात पाल चुकचुकली. साध्या गाठीले इतका आराम कशाले? यायले माझा माग आपल्या बहिणीच्या पोराले, भाच्याले, द्यायचा आहे. टाके निघाले अन् ही बाई मागावर जाऊन बसली. मागावर उजव्या हातानं दोरीले झटका द्यावा लागते, तेव्हा आडवं सूत घेऊन धोटा या काठाचा त्या काठाले जाते. दिवसभर तोच झटका. भासरे समोरच्या मागावरून पाहत अन् गप राहत. मी म्हणायची, "जाऊबाई, बसा न जरा घरात." तर मलेच म्हणे, "तुले भाच्यानं काय कबूल केलं वं?"

वर्ष गेलं. एक दिवस तिनं मले न्हाणीत हाक मारली. लुगडं बाजूले करून म्हणाली, "हात लाव इथं." काखेच्या खाली संत्र्याएवढं काहीतरी टणक लागलं. अन् खाली, जिथं भरलेलं असायले पाहिजे, तिथं सपाट.

"परत आली थे," ती म्हणाली. "घरात कोणाले बोलली तं याद राख."

मी बोलली नाही. पण ती गप बसणारी थोडीच होती. तिची पोरगी पुष्पलता कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाले होती. हुशार पोर, तिले पुढं शिकायचं होतं. पंधरवड्याच्या आत भागीरथाबाईनं तिच्यासाठी कळमेश्वरचा शालिकराम पक्का केला. बिजवर, घरात दोन लेकरं, पोरीपेक्षा चांगला पंधरा वर्षांनी मोठा. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीखही ठरली. पोरगी कोपऱ्यात बसून रडून राहिली होती. मी चिडून विचारलं, "तुमचं डोकं ठिकाणावर आहे काय?" ती म्हणाली, "मी गेल्यावर हिचा बाप हिले पाहणार हाय का? सावत्र लेकरं परवडली, सावत्र माय नको."

तेव्हा मले समजलं की ही बाई मरायची तयारी करून राहिली.

मंग मी तिचं ऐकलं नाही. बाजाराच्या नावानं तिले रिक्षात घातलं अन् सरळ धंतोलीले नेलं, ज्यानं ऑपरेशन केलं त्याच डॉक्टरकडे. त्यानं काखेखाली दाबून पाहिलं अन् म्हणाला, "घाबरू नका ताई, ही गाठ नाही. आत ठेवलेली पिशवी वर सरकली आहे. हाताचं जोराचं काम केलंत का?"

"कोणती पिशवी?" भागीरथाबाईनं विचारलं.

डॉक्टरचा चेहरा उतरला. "गणपतराव म्हणाले होते, घरी गेल्यावर मी सांगतो." मंग त्यानंच सांगितलं. आतला भाग काढावा लागला, वरची कातडी राखली, अन् रिकाम्या जागी रबरासारखी, आत गरासारखं मऊ काही भरलेली पिशवी बसवली. जखम पक्की व्हायच्या आधी हात चालला तं ती जागा सोडते.

घरी पाय ठेवल्यावर भागीरथाबाई म्हणाली, "पाहिलं? नवऱ्यानं पढवून ठेवलं त्याले. आधी साधी गाठ. आता पिशवी. उद्या म्हणतीन, नारळ ठेवला."

मी भासऱ्यांले मागावरून उठवलं. मोठ्या दिराशी असं बोलत नसतात, पण त्या दिवशी मी बोलली. तेव्हा त्यांनी खाली मान घालून सांगितलं. कॅन्सर होता. घरात कॅन्सर म्हटलं की पोरीले सून कोण करून घेईन? अन् हिले कळलं तं ही हाय खाऊन मरन. म्हणून त्यांनीच डॉक्टरले विनवलं होतं की असं काही करा, छाती पाहून हिले पत्ता लागू नये. मले त्यांचा रागही आला अन् कीवही आली. माणूस वाईट नव्हता. पण बायकोची छाती तिले न विचारता भरून ठेवली, अन् वरून वर्षभर ती झटके देताना समोर बसून पाहत होता.

भासरे तिच्याकडे गेले अन् पुष्पलताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शपथ घेतो, पिशवीच हाय थे."

"साधी गाठ हाय म्हणून सांगितलं, तेव्हाही हिच्याच डोक्यावर हात ठेवला होता," ती म्हणाली. "दोन्हीतली एक शपथ तं खोटी आहे. कोणती थे तुम्हीच सांगा."

भासरे मागावर जाऊन बसले. अन् साक्षगंध तोंडावर आलं.

पिशवीखाली कातडी पातळ होऊन राहिली होती, ती काढावी तं लागणारच होती. भागीरथाबाई तयार झाली, पण तिची अट एकच. गुंगी घेणार नाही. "मागच्या गुंगीत काय काय झालं, मले अजून मालूम नाही. जागी राहीन. काढा अन् माझ्या हातात द्या. हातात नाही आलं तं मी समजून जाईन." डॉक्टरनं खूप समजावलं. शेवटी जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं, अन् मले तिच्या उशाशी उभं राहू दिलं. तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचकली.

डॉक्टरनं ती पिशवी धुतली अन् तिच्या तळव्यावर ठेवली. पाण्यासारखी निवळ. तिनं ती दाबली, खिडकीच्या उजेडात धरली, वास घेतला. उलटी करून पाहिली. मी मनात म्हटलं, आता ही बोट बुडवते की काय. पण तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या वर्षांत मी तिले पहिल्यांदा रडताना पाहिलं.

"म्हणजे परत नाही आली," ती म्हणाली.

"नाही. आत सगळं स्वच्छ दिसतंय," डॉक्टर म्हणाला. "पण दर काही महिन्यांनी तपासायला यायचं."

मंग तिनं विचारलं, "साध्या गाठीसाठी कोणी हे भरत नाही. कॅन्सर होता न?"

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच होय म्हटलं. तो म्हणाला, "होता."

"बरं," ती म्हणाली, अन् माझं मनगट सोडलं.

बाहेर बाकावर भासरे बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मी मरून राहिली असं समजून पोरीले बिजवराच्या गळ्यात बांधून राहिली होती. अन् तुम्ही होय म्हणत होते." भासरे रडले. ती त्यांच्याजवळ बसली नाही.

साक्षगंधाच्या दिवशी कळमेश्वरहून शालिकराम अन् त्याचा मामा वामनराव असे दहा-बारा माणसं आले. हे लग्न आता करायचं नव्हतं, अन् भासऱ्यांचं ठरलं होतं की पत्रिकेत दोष निघाला म्हणून वेळ मारून न्यायची. त्यांनी तोंड उघडायच्या आतच भागीरथाबाई बैठकीत आली. पदर नीट केला. उजवी बाजू सपाट, अन् तिनं ती झाकली नाही.

"मले कॅन्सर होता," ती म्हणाली. "छाती काढली. आधीच सांगून ठेवते, मंग म्हणाल लपवून ठेवलं."

तो शब्द आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला गेला. वामनरावांनी चहाचा कप खाली ठेवला. दुसऱ्यानंही ठेवला. बस गाठायची आहे असं कोणी तरी म्हणालं, अन् बैठक रिकामी झाली. शालिकराम जाताना पोरीकडे पाहतही नव्हता.

भासरे कपाळाले हात लावून बसले. "काय केलं हे तुनं? आता पोरीले कोण करन?"

भागीरथाबाई कप गोळा करत होती. "जो हे ऐकूनही बसून राहीन, तो," ती म्हणाली. अन् पुष्पलताले आवाज दिला की साडी बदल अन् अभ्यासाले बस.