घरटी एक माणूस

लग्न होऊन आमगावजवळच्या त्या खेड्यात आले, तोवर 'घरटी' हा शब्द माझ्या कानावरून गेला नव्हता. माझं माहेर गोंदियाच्या रेल्वे चाळीत. तिथे आजचा शेजारी उद्या बदलीवर दुसरीकडे, कोण कुणाचं घर मोजणार? स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि हे गावच्या शाळेत मास्तर होते.

पहिल्याच उन्हाळ्यात कोतवाल हाक देत आला, "घरटी एक माणूस, उद्या तलावाच्या पाळीवर!" पावसाआधी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाकायची तिथली रीत. तो डावीकडच्या शेजारणीच्या दारात थांबला. मग आमचं दार ओलांडून उजवीकडच्या दारात थांबला.

"घरटी म्हणजे काय हो?" मी ह्यांना विचारलं.

"दर घरामागे एक." वह्या तपासताना ह्यांनी डोकंसुद्धा वर केलं नाही.

"मग आपलं घर नाही का?"

"आपण भाडेकरू. तलावाखाली आपली शेतीही नाही. सुटलीस म्हण."

सुटले कसली! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारीण गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आली आणि माझ्याच उंबऱ्यावर पाय पसरून बसली. "तुमचं बरं हाय मास्तरीनबाई. माह्यी कंबर मोडून राहिली." मग कोण घसरलं, कोणाचं घमेलं कोणाच्या डोक्यावर रिकामं झालं, हे सांगत पोट धरून हसली. मी जळत होते, सरळ सांगते. जाताना तिने विरजण मागितलं. संपलं म्हणाले. शिंक्यावर भांडं भरलेलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात न बोलावताच घमेलं घेऊन मी पाळीवर गेले. म्हातारे पाटील सामोरे आले. "बाई, तुमी कायले आल्या? तुमी आमचे पाहुणे. सावलीत बसा." मोहाच्या झाडाखाली कोणी पोतं अंथरलं. तासभर मी तो मान सोसला. समोर घमेली हातोहात चालली होती आणि शेजारीण त्या रांगेत मधोमध उभी होती. कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरी येऊन रिकामं घमेलं कोपऱ्यात आपटलं.

तिसऱ्या वर्षी शेजारीण ओली बाळंतीण होती. नवरा गोंदियाला तांदळाच्या गिरणीत कामाला गेलेला. कोतवाल हाक देऊन गेला तशी तिने मला बोलावलं. "माह्या घरून तुमी जाता का वो? दुसरं कोणी नाही."

तिचं बोलणं संपायच्या आत मी पदर खोचला होता.

दिवसभर माती वाहिली. या वेळी कोणी अडवलं नाही. मागची म्हातारी तर खेकसली, "भरभर चाल ना वो, झोपली का?" तिला मिठी मारावीशी वाटली. हाताला फोड आले, पाय चिखलाने जड झाले. ह्यांनी ते पाहावेत म्हणून पाय धुवायचे नाहीत, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

दिवस कलताना पाटील पाळीवर उभे राहिले आणि एकेका घराचं नाव घेऊ लागले. ज्याचं घर त्याचा होकार, "हाव." शेजारणीच्या घराचं नाव आलं. कोणीच बोलेना. मी इकडेतिकडे पाहिलं, तर सगळे माझ्याकडे पाहत होते.

"हाव," मी म्हणाले.

पाटलांनी मान हलवली आणि आमच्या उजवीकडच्या घराचं नाव घेतलं.