आबांची दाढ

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. माझे वडील, आबा, शेजारीच बसले होते आणि खरं काय ते त्यांनाही ठाऊक होतं.

ऐंशीच्या दशकात मी मुंबईला औषधाच्या दुकानात कामाला होतो. गणपतीला लांज्याजवळच्या आमच्या गावी जाताना इतर चाकरमानी बिस्किटं, साड्या न्यायचे. मी गुडघेदुखीच्या, सूज उतरवणाऱ्या गोळ्या न्यायचो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. गावातली म्हातारी माणसं त्यासाठी घरी यायची. "आमचा डागदर आला," आबा त्यांना सांगायचे, आणि मला ते आवडायचं. आबांसाठी मी डबाभर गोळ्या ठेवून जायचो. सकाळी एक, रात्री एक. पासष्टी उलटलेला माणूस लावणीला पुन्हा चिखलात उतरू लागला होता.

एका वर्षी गणपती गेले आणि आबांची दाढ ठणकू लागली. रत्नागिरीला नेलं. "कसली गोळी चालू आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. पुढचा प्रश्न 'कोणी दिली' हाच असणार.

"नाही," मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेही नाही म्हणाले.

दाढ निघाली. एसटी स्टँडवर पोचेपर्यंत कापसाचा बोळा भिजला, मग पंचाही लाल झाला. बाकावरची बाई म्हणाली, "म्हाताऱ्याला असं गाडीत नका हो चढवू." मी आबांना धरून दवाखान्यात परत आणलं. तोंड पांढरंफटक पडलं होतं. तेव्हा कुठे मी सगळं सांगितलं.

डॉक्टर टाके घालता घालता बोलत होते. "या गोळ्यांनी रक्त लवकर गोठत नाही. तरुणाचं निभावतं. या वयात पोटातूनही रक्त जातं, पत्ता लागत नाही. आबा, शौचाला काळं होतं?"

आबांनी मान डोलावली. मला हे माहीत नव्हतं.

"दुकानात राहून हेच शिकलास?" डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी रक्त थांबलं. आबा बोळा चावून बसले होते, बोलायची मनाई होती. तेव्हाच बोलून मोकळं होणं सोपं होतं. पण शिवी द्यावीशी वाटली तर त्यांना देता यावी, म्हणून बोळा निघेपर्यंत थांबलो.

मग म्हणालो, "आबा, तुमच्या जिवापेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली. तुम्हालाही खोटं बोलायला लावलं. माझं चुकलं."