फूड कोर्टातले कांदेपोहे

"ताई गेली," बाबा फोनवर एवढंच म्हणाले. बाबांची ताई म्हणजे माझी सुमनआत्या. रात्री झोपेतच गेली. आदल्याच संध्याकाळी तिने माझ्या धाकट्या बहिणीला, मृणालला, बजावलं होतं, "रविवारी साडीबिडी नको हं. जीन्स घाल, मॉलला जायचंय आपल्याला." त्या रविवारी मृणालला बघायला एक मुलगा येणार होता. ते अर्थातच राहिलं. महिना उलटून गेला, पण आत्या नाही हे अजून पचत नाही…

आमच्या घरातले बघण्याचे कार्यक्रम मॉलमध्ये व्हायला लागले ते आत्यामुळे. नेरूळला आमच्या शेजारच्याच सोसायटीत ती एकटी राहायची. न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात तिने आख्खी नोकरी काढली. लग्न केलं नाही. तरुणपणी उरणच्या घरी पोह्यांचा ट्रे घेऊन तिला कितीदा तरी बाहेर यावं लागलं होतं. मंडळी पोहे खायची, "कळवतो" म्हणायची आणि जायची. एकदा एक मुलगा तिलाच पसंत नव्हता, तसं ती आजोबांना म्हणाली. "तुला कोणी विचारलंय?" असं ते म्हणाले. त्यानंतर ती कुणासमोर ट्रे घेऊन आलीच नाही. हे तिने मला सांगितलं ते आइस्क्रीम खाता खाता, दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं. मला मात्र तेव्हा फार राग आला होता. अजूनही येतो.

माझी वेळ आली तेव्हा तिने नियमच घालून दिले. भेटायचं फूड कोर्टात, वडीलधाऱ्यांनी चार टेबलं सोडून बसायचं आणि ट्रे मुलाने आणायचा. बाबा वैतागले. "लग्नाची बोलणी काय त्या गोंगाटात करायची?" आत्या शांतपणे म्हणाली, "विनू, घरात पोरगी नको म्हणाली तर जाणार कुठे ती? इथे निदान उठून लिफ्टपर्यंत तरी जाता येतं." आत्या मलई कुल्फी घेऊन आमच्याकडे पाठ करून बसायची आणि मुलाच्या आईला शेजारी बसवून बोलण्यात अशी गुंतवायची की त्या बाईला मान वळवायची सोय उरायची नाही.

पहिला मुलगा बाबांना मनापासून आवडला होता. नोकरी चांगली, बेलापूरला फ्लॅट. पण पावभाजीपासून फालुद्यापर्यंत तो एकटाच बोलत होता… मी नको म्हटलं. गाडीत बाबांनी "कारण सांग, कारण सांग" असं लावून धरलं आणि मला काही धड सांगता येईना. मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "नको म्हणाली ना ती? झालं मग." बाबांना ते इतकं लागलं की त्या वर्षी भाऊबीजेला ते तिच्याकडे गेले नाहीत. ती ओवाळणीचं ताट तयार ठेवून रात्रीपर्यंत वाट पाहत होती. माझ्यासाठी तिने भावाचा राग ओढवून घेतला, पण मला तसं कधी जाणवू दिलं नाही. पुढे ज्याला मी हो म्हटलं तो चमचे विसरला, ते आणायला परत गेला आणि येताना टिश्यू विसरला. पाठ करून बसलेल्या आत्याला हे कसं दिसलं कोण जाणे, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते.

आता मृणालच्या बाजूने कोण बोलणार, ही धास्ती मला आत्याच्या दहाव्यापासून होती. गेल्या रविवारी ती राहिलेली भेट झाली. मॉलमध्येच. बाबांनीच फोनवर तसं परस्पर ठरवलं होतं. ते चार टेबलं सोडून बसले खरे, पण मुलाला पाहून त्यांचा चेहरा खुलला होता. थोड्या वेळाने मुलाकडची मंडळी निरोप घेऊन गेली. मृणाल आमच्या टेबलाशी आली, पण बसली नाही.

"बाबा… नको."

बाबांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मग मिटलं. टेबलावर सांडलेलं पाणी ते बोटाने पुसत राहिले. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"बरं," ते म्हणाले. "बस तू. काय आणू तुला?"

आणि उठून रांगेत जाऊन उभे राहिले.